पुंजू पाटकऱ्याची एकविसावी आखाजी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीवरचा दगडी बंधारा तेव्हा अजून पांढरा दिसायचा, इतका नवा होता. खानदेशात उंबरणे नावाचं गाव होतं. बंधाऱ्यातून निघालेला पाट गावच्या शेतांमधून वाहत जायचा आणि सगळ्यांत शेवटी टोकवाडी नावाच्या वस्तीला पोचायचा. या पाटाचं पाणी वाटून देणाऱ्याला पाटकरी म्हणत. कुणाच्या शेतात पाणी केव्हा जाणार आणि किती वेळ राहणार, हे तो ठरवी. गावाला पाटील होता, देवळाला पुजारी होता, पण उन्हाळा लागला की लोक आधी पाटकऱ्याला रामराम करत.

या गावात पुंजू नावाचा पाटकरी होऊन गेला. त्याच्यासारखा पुन्हा झाला नाही, असं म्हणतात. तो जमिनीला कान लावायचा आणि पाणी कुठवर आलं ते सांगायचा. तो पाटाच्या काठाने चालू लागला की पाणी वासरासारखं त्याच्या मागे मागे यायचं. एका पुरात बंधाऱ्याला भगदाड पडलं, तेव्हा पुंजू त्यात पाठ लावून उभा राहिला आणि गावाने दगड रचेपर्यंत हलला नाही. किती वेळ उभा होता? माझी आजी म्हणायची, दोन प्रहर. तिची बहीण म्हणायची, तीन दिवस. मला बुवा आजीचं पटतं, पण ऐकायला तिच्या बहिणीचंच बरं वाटायचं.

तर असा हा पुंजू. गुणाचा होता, पण पाटकऱ्याच्या मानाच्या काठीचा त्याला भारी सोस. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पाट कोरडा करून गावकरी गाळ काढत आणि त्याच दिवशी पाटकरी निवडत. ज्याला काठी हवी असेल त्याने उजव्या काठावर उभं राहून आपण वर्षभर काय केलं ते सांगायचं. गाव डाव्या काठावर उभं राही. ज्याला तो पसंत असेल त्याने कोरड्या पाटात उतरून पलीकडे जायचं. अर्ध्याहून जास्त गाव पलीकडे गेलं की काठी त्याची.

पुंजू वीस वर्षं निवडून आला होता. वीस वर्षं त्याने आपली कामं सांगितली होती आणि दरवर्षी त्यांत भरच पडायची. भगदाडाची गोष्ट तर कधी चुकली नाही. पापड लाटता लाटता बायका त्याच्या आवाजात ती म्हणून दाखवायच्या. त्याची बायको मात्र दरवर्षी डाव्या काठावरच उभी राहायची. "हा घरी आला तर दुपारी गरम भाकर तरी खाई," एवढंच तिचं म्हणणं. गाव हसायचं, आणि काठी पुंजूच्याच हातात यायची.

एकविसाव्या आखाजीआधीच्या माघ महिन्यात एक गोष्ट घडली. पाणी आधीच कमी होतं. पाटाचं पाणी नदीकडे सोडायची फळी पुंजूने गाळ वाहून जावा म्हणून भरदुपारी उघडली, जांभळीखाली बसला आणि त्याचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अर्ध्या गावाच्या वाट्याचं पाणी नदीत वाहून गेलं होतं. त्याने घाईने फळी लावली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

संध्याकाळी गावात एकच बोभाटा झाला. पाणी गेलं कुठे? कुणीतरी म्हणालं, टोकवाडीच्या हिलालचं शेत ओलं दिसतंय. हिलाल गरीब आणि मुखदुर्बळ. त्याच्या आईने, सोजाबाईने, डोक्यावर घागरी वाहून हरभऱ्याला पाणी घातलं होतं, म्हणून शेत ओलं होतं. पण तिचं कोण ऐकतो? हिलालने पाणी चोरलं असं पंचांनी ठरवलं आणि त्याची पाण्याची पाळी बंद केली. पुंजू तिथेच बसला होता. आत्ता सांगतो, मग सांगतो, असं मनाशी म्हणत तो बसूनच राहिला. हिलालचा हरभरा उभ्या उभ्या वाळला.

आणि त्या दिवसापासून पाणी पुंजूच्या मागे येईनासं झालं, असं म्हणतात. तो काठाने चालायचा आणि पाणी होतं तिथेच थांबायचं. जमिनीला कान लावला तर काही ऐकू यायचं नाही. लोकांना वाटलं, म्हातारा थकला. पुंजूला मात्र खरं कारण ठाऊक होतं. आखाजी जवळ आली तसं त्याचं जेवण सुटलं. बोलावं तर काठी जाणार, वीस वर्षांची अब्रू जाणार. गप्प बसावं तर काठी राहणार, पण हिलाल जन्मभर चोर ठरणार. काठी त्याला फार प्रिय होती, हे मी आधीच सांगितलंय.

आखाजी आली. पुंजू उजव्या काठावर उभा राहिला. समोर सगळं गाव होतं आणि सगळ्यांच्या मागे, बाभळीच्या सावलीत, टोकवाडीची माणसं. पुंजूने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. बंधारा सांगितला, पूर सांगितला, भगदाडापर्यंत आला आणि तिथेच थांबला. लोकांना वाटलं, विसरला. दोन-तीन जणांनी पुढचं वाक्यही पुरवलं.

पुंजू म्हणाला, "पानी हिलालनी नही चोरं. फळी मी उघडी, अन् माले झोप लागी गई. तीन महिना मी मुका राहिनू."

पुंजूने काठी खाली ठेवली आणि हात जोडून उभा राहिला. वीस वर्षं जे लोक धावत पाटात उतरायचे, त्यांतला एकही हलला नाही. आपणही हिलालला चोर म्हटलं होतं, हे प्रत्येकाला आठवत होतं. म्हणून पुंजूला शिव्या द्यायलाही कुणाची जीभ उचलेना.

मग मागून सोजाबाई पुढे आली. लोकांनी तिला वाट दिली. ती पाटाच्या काठाशी उभी राहिली आणि पुंजूकडे बघत राहिली. किती वेळ, ते कुणालाच सांगता येत नाही. सावल्या सरकल्या एवढं खरं.

"मना हरभरा गया तो गया," ती म्हणाली. "पन इतला लोकमा आपली चूक सांगनारा मानूस माले पुढला सालबी पायजे. काठी यालेच द्या. दुपारले मना हिलाल याना जोडे बठी. याले झोप लागनी का तो उठाडी."

हिलाल दुपारी पुंजूजवळ बसून त्याला जागं ठेवील, एवढं बोलून ती पाटात उतरली आणि पलीकडे जाऊन पुंजूच्या शेजारी उभी राहिली. तिच्या मागून हिलाल उतरला. मग टोकवाडी उतरली आणि शेवटी सगळं उंबरणे. पुंजूची बायकोसुद्धा त्या वर्षी पलीकडे गेली. पुंजू रडला, उघड उघड रडला. त्या वर्षी त्याच्या शेतात आलेला सगळा हरभरा त्याने हिलालच्या घरी नेऊन टाकला. आणि दुसऱ्या दिवशी पाट सोडला, तेव्हा पाणी पुन्हा त्याच्या मागे आलं. दोघांच्या मागे आलं, पुंजूच्या आणि हिलालच्या, असं म्हणतात.

पुढे पुंजू आणखी नऊ वर्षं पाटकरी राहिला आणि समाधानाने गेला. आता उंबरण्याला ग्रामपंचायत आहे, मतपेट्या आहेत, उमेदवारांचे फलकही लागतात. पण निवडणुकीच्या आधी उभा राहणारा प्रत्येक जण आजही पाटाच्या उजव्या काठावर येतो. पुंजूचं नाव घेतो आणि आपल्या हातून काय चुकलं ते आधी सांगतो. कामं नंतर. त्या चुकीने ज्याचं नुकसान झालं असेल, त्याने पहिलं पाऊल पाटात टाकायचं. तो उतरेपर्यंत दुसरं कुणी उतरत नाही, सरपंचाचा सख्खा भाऊ असला तरी. कधी कधी त्या माणसाला फार वेळ लागतो. गाव उन्हात उभं राहतं, पण त्याला घाई कर म्हणून कुणी सांगत नाही.