विलायती मडम आणि पान्यांची पिशवी

"...पण बुवा, फायदा काय आणि तोटा काय, तेवढं तरी सांगा की."

आत्माराम बुवा मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि अंगणाकडे बघितलं.

अंगणात चाफ्याखाली मडम उभी होती.

मडम म्हणजे बुवांची मोटारसायकल. इंग्लंडात घडलेली, बुवांच्या निम्म्या शिष्यांहून वयाने मोठी. परदेशी निघालेल्या एका भक्ताने म्हातारी गाय सोडावी तशी ती मठात आणून सोडली होती. मडम हे नाव गावाने ठेवलं, कारण ती विलायती होती, नखरेल होती आणि कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती.

आता बुवांच्या गुडघ्यांना किक सोसेना. घाटाखालच्या एका हॉटेलवाल्याने मडम मागितली होती; काचेच्या खोलीत शोभेला ठेवणार होता. संध्याकाळी त्याचा टेम्पो यायचा होता. हे कळल्यापासून कोल्हापूरच्या इंद्रजित खराडेला अन्न गोड लागत नव्हतं.

इंद्रजितचं स्वतःचं वर्कशॉप होतं. हाताला जादू होती, आणि ती आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. मन शांत व्हावं म्हणून तो कित्येक वर्षं आपल्या नव्या धाटणीच्या गाडीवरून घाट चढून मठात यायचा. अर्धं प्रवचन ऐकायचा, उरलेलं अर्धं मडमेकडे बघण्यात घालवायचा. मडम त्याला हवी होती, अगदी मनापासून. पण फायदा-तोटा बघितल्याशिवाय त्याने आयुष्यात काही घेतलं नव्हतं. त्यामुळेच बहुधा त्याचं लग्नही व्हायचं राहिलं होतं.

"तोटा व्हय?" बुवा म्हणाले. "बस. लई हाईत."

आणि ते सांगू लागले. मडम तेल गाळते, म्हणून तिच्याखाली कायम परात लागते. थंडीत किक मारणाऱ्याचा घाम काढते, आणि घाई केली तर उलटा फटका देते. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, सगळंच उफराटं. दिवा तिच्या मर्जीने लागतो. एखादा नट पडला तर बाजारात मिळत नाही, कुणाकडून तरी घडवून घ्यावा लागतो.

"आणि फायदा?"

"एक हाय..." बुवांनी टरफलं झटकली. "पर त्यो सांगून कळायचा न्हाई. जा, तिच्यावरनं बाजारात जा आणि गूळ घेऊन ये."

गुळाचं प्रकरण इंद्रजितला ठाऊक होतं. बुवा गुरुवारी सकाळी मडमेवरून गूळ आणायला उतरायचे आणि दिवेलागणीला परतायचे. हात काळे, उपरणं काळं, चेहरा मात्र लग्नाहून आल्यासारखा. इंद्रजितला त्यांची कीव यायची. गाडी नीट राखली तर हे काम चहा उकळेपर्यंतचं आहे, असं तो इतर शिष्यांना सांगत असे.

आज दाखवून द्यायची संधी आली होती.

त्याने बाह्या सरसावल्या. मडमेच्या बैठकीखाली पान्यांची जुनी कातडी पिशवी होती. ती उघडून त्याने प्लग साफ केला, साखळी ताणली, ढिले नट आवळले, कुठे काय अडलंय ते हाताने चाचपून बघितलं. मग एक किक मारली. मडम सुरू झाली... आणि धडधडत, शहाण्या सुनेसारखी फाटकाबाहेर पडली.

तिठ्यावर समोर म्हैस आली. इंद्रजितने सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेक तिकडे नव्हताच. मडम थांबायचं सोडून वरचा गिअर घेऊन पुढेच निघाली. म्हैस समजूतदार, ती बाजूला झाली.

तेवढं सोडलं तर प्रवास लोण्यासारखा झाला. मडमेचा आवाज ऐकून वाटेतली माणसं उठून उभी राहत होती. टपरीवरच्या बाईने किटली उचलली. गुऱ्हाळावरच्या म्हाताऱ्याने बाज झटकून पुढे ओढली. एका ओसरीतून कुणीतरी हात केला. गाडीचं कौतुक चाललंय असं समजून इंद्रजितने सगळ्यांना हॉर्न दिला आणि वेग वाढवला.

तो परतला तेव्हा बुवांच्या शेंगासुद्धा संपल्या नव्हत्या.

"गूळ," त्याने ढेप पुढे ठेवली. छाती फुगलेली होती. "कुठं म्हणून बंद पडली नाही, बुवा. एकदासुद्धा नाही."

"सखूबाईचा चा घेतलास?"

"कोण सखूबाई?"

"टपरीवाली. तिची ल्येक बाळंतपणाला आलीया. काय झालं तिला?"

इंद्रजित फडक्याला हात पुसू लागला.

"दादू मगदुमाचा खोकला? गुऱ्हाळावरचा दादू. आणि सुतार मास्तर ओसरीत बसलं व्हतं का? आजारातनं उठल्यात, बसाय लागलं असतील."

"मी... थांबलोच नाही कुठं."

"थांबला न्हाईस," बुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. गूळ मात्र त्यांनी हातात घेतला नाही.

मठाच्या आवारात कोंबडी फिरत होती. तिने टरफलं उकरून बघितली आणि निघून गेली.

"बुवा," इंद्रजितने हळूच विचारलं, "तुमची यांच्याशी एवढी ओळख कशी?"

"मडम बंद पडती न्हवं?" बुवा म्हणाले. "मला पान्याचं उलटं-सुलटं कळत न्हाई. मग कोण ढकलतंय, कोण बांधाय तार देतंय, कोण चा पाजतंय... तवर बोलणं व्हतंय."

इंद्रजित पायरीवर बसला.

त्याच रस्त्याने तो इतकी वर्षं येत होता. एकेक खड्डा त्याला तोंडपाठ होता. माणूस एकही नव्हता. कुणाच्या दारात उभं राहायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती, आणि आजवर तो याचाच अभिमान बाळगून होता. बुवांचं ते काळं उपरणं आणि तो हसरा चेहरा त्याला आठवला. त्याला कीव आली नाही. हेवा वाटला.

खाली घाटात टेम्पोची घरघर ऐकू येऊ लागली.

"द्या त्या हॉटेलवाल्याला," इंद्रजित म्हणाला. "माझा काय उपयोग, बुवा? माझ्या हातात ती कधी बंदच पडायची नाही."

घटकेपूर्वी हेच वाक्य त्याने केवढ्या तोऱ्यात म्हटलं असतं.

बुवांनी त्याच्याकडे बघितलं... आणि ते हसू लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, कण्हत अंगणात गेले, मडमेच्या बैठकीखाली हात घालून पान्यांची पिशवी काढली. ओसरीवर परत येऊन ती आपल्या आसनाखाली सारली आणि वर ऐसपैस मांडी घालून बसले.

"ने तिला," ते म्हणाले. "टेम्पोवाल्याला मी चा पाजून लावून देतो."

इंद्रजितचा कानांवर विश्वास बसेना. तो धावत चाफ्याखाली गेला. मडमेचं हँडल त्याने धरलं, आणि मग त्याचं लक्ष बैठकीखालच्या रिकाम्या जागेकडे गेलं.

"बुवा... पिशवी?"

"ऱ्हाऊ दे हितं."

"आणि वाटेत बंद पडली तर?"

बुवांनी शेंग फोडली.

"मगाशी फायदा इचारत व्हतास न्हवं?"