कोंडाबाईचं थोरलं वाद्य

एकदा काय झालं, एका राजाची आई बहिरी झाली. म्हातारपणच ते. आधी चिमणी ऐकू येईना, मग पैंजण, मग सुनेचं बोलणं. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही, बरं का. पण तिचं लाडकं व्हायोलिन ऐकू येईना, तेव्हा तिनं जेवण सोडलं.

ते व्हायोलिन केलं होतं कोंडाबाई सुतारणीनं. राजा तिला म्हणाला, "बाई, आईसाहेबांना ऐकू येईल असं काहीतरी करा. नाहीतर त्या काही जगत नाहीत." बाईमाणूस सुतारकाम शिकणार म्हणून सगळा गाव कोंडाबाईला हसत होता, तेव्हा याच म्हातारीनं तिच्या हातात पहिली पटाशी दिली होती.

मग तिनं नवं व्हायोलिन केलं. आवाज इतका बारीक, इतका तीक्ष्ण की दरबाऱ्यांनी कानांत बोटं घातली. म्हातारी आपली ढिम्म.

मग तिनं थोरलं केलं. तशाच चार तारा, तारांवर फिरवायचा तसाच गज, पण अंगानं हे एवढं. वाजवणारा सवयीनं ते हनुवटीखाली धरायला गेला. मान अवघडली, हात पोचेना, आणि तो वाद्यासकट आडवा. म्हातारी हसली. पण ऐकू काही आलं नाही.

कोंडाबाई घरी येऊन रडली. मग रागारागानं हातोडा फळीवर आपटला, तर फळीच्या पार टोकाला निजलेली मांजर ताडकन उठली. कोंडाबाई मांजरीकडे बघतच राहिली.

तिनं काय केलं? थोरल्या वाद्याला खालून एक लोखंडी खुंटी बसवली. वाजवणाऱ्याला स्टुलावर बसवलं, वाद्य त्याच्या गुडघ्यांमध्ये उभं केलं आणि खुंटी महालाच्या लाकडी जमिनीत रोवली. म्हातारीचे जोडे काढून ठेवले. मग गज फिरला. जाडा, संथ सूर जमिनीत उतरला. म्हातारीचा अंगठा हलला. मग पाऊल. मग डोळे भरले.

"कोंडे," ती म्हणाली, "खालची तार जरा उतरलीय गं. आणि कुणीतरी माझं ताट वाढा."

तेव्हापासून व्हायोलिन खांद्यावर बसतं आणि त्याचा हा थोरला भाऊ, चेलो, जमिनीवर उभा राहतो. म्हातारी पुढं खूप जगली, सुनेलाही पुरून उरली. सगळे सुखात राहिले. आता पाय पांघरुणात घ्या आणि निजा.