रुईवरची धाकटी अळी

एका वाळवंटात, जिथे पाऊस वाट चुकला तरच यायचा, रुईचं एक झुडूप होतं. त्याच्या पानांवर नुकत्याच अंड्यांतून निघालेल्या पाच अळ्या होत्या, पाचही बहिणी. पान कुरतडलं की पांढरा चीक यायचा. तो इतका कडू, की धाकटीने पहिल्या घासालाच तोंड फिरवलं. पण भूक लागली होती. दुसरा घास तिने तसाच गिळला.

झुडपाखाली एक सरडा राहायचा. तो म्हणाला, "पोरींनो, विष कशाला खाता? बकरीसुद्धा रुईला तोंड लावत नाही. खाली या. माझ्या दगडामागे कोवळा, गोड पाला आहे."

चौघी सरसर उतरल्या. धाकटी जागची हलली नाही.

"तू येत नाहीस?" सरड्याने विचारलं.

"नाही. मला हेच मानवतंय."

"हट्टी आहेस. मरशील."

"बघू," धाकटी म्हणाली आणि खात राहिली.

तिने एकदा कात टाकली, दोनदा टाकली. दर वेळी अंगावरचे काळे-पिवळे पट्टे आणखी ठळक झाले. चौथी कात टाकल्यावर तिने खाली पाहिलं. गोड पाला बहिणींच्या अंगी लागला नव्हता. त्या वाळून गेल्या होत्या, आणि चौघींतल्या तिघीच दिसत होत्या. तेवढ्यात सरडा झेपावला. दोघीच उरल्या.

धाकटी घाबरली. तरीही ती खाली उतरली आणि बहिणींच्या पुढ्यात जाऊन थांबली.

"आधी मला खा."

"गुबगुबीत झालीस की," म्हणत सरड्याने तिला तोंडात धरलं, आणि लगेच थुंकून टाकलं. त्याची जीभ जळत होती. तो वाळूत तोंड घासू लागला.

दात लागून धाकटीची एक बाजू फाटली होती. तरी ती उठली. "सरडेकाका, तुम्ही सोडायला सांगत होतात ना, तोच पाला माझ्या अंगात भिनलाय."

दोघी बहिणी तिच्या मागोमाग वर चढल्या. तोंड वाकडं करत त्यांनी रुई खाल्ली. पुढे तिघी पानांखाली उलट्या लटकल्या आणि हिरव्या कोशांत बंद झाल्या. सरडा रोज खालून बघायचा, पण वर चढला नाही.

एका सकाळी कोश उकलले. केशरी पंखांची तीन फुलपाखरं बाहेर आली. इतर फुलपाखरं सरडा दिसला की गिरक्या घेत पळत. धाकटी मात्र त्याच्या नाकासमोरून सावकाश उडत गेली. सरड्याने तोंड मिटून घेतलं.

तात्पर्य इतकंच: आपलं बळ सोडून द्यायला कुणी गोड बोलून सांगत असेल, तर त्याचं पोट कशावर भरतं ते आधी बघावं.