राखलेली राई

"…मग सांगा ना बुवा, राईतली एक काडी तरी मोडली का आम्ही?"

खेडेकर साहेबांचा आवाज जरा चढलाच होता. बुवा मात्र चुलीत फुंकर घालत बसले होते. चुलीत लाकडं होती ती पाण्यावर वाहून आलेली. राईतलं वाळकं लाकूडही जाळायचं नाही, हा तिथला जुना रिवाज.

खेडेकर धरणाचे मोठे इंजिनिअर. धरण बांधताना त्यांनी गावासमोर नारळ फोडून शब्द दिला होता, की वाघजाईच्या देवराईला धक्का लागणार नाही. तो त्यांनी पाळला. पाणी चढत चढत राईच्या पहिल्या झाडापाशी आलं आणि थांबलं. टेकडीचं बेट झालं. गाव उठून गेलं, राई राहिली, आणि राईत तिचे पुजारी बुवा राहिले. एवढं चोख काम आपल्या हातून झालं याचा साहेबांना अभिमान होता, आणि तो लपवून ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आज ते एकटेच होडी वल्हवत आले होते, ते काम घेऊन. पलीकडच्या खोऱ्यात दुसरं धरण व्हायचं होतं. तिथेही टेकडी, तिथेही राई. लोक अडून बसले होते. बुवांनी तिथे येऊन चार शब्द सांगितले असते, तर गाडं पुढे सरकलं असतं.

"मोडली न्हाई," बुवा म्हणाले. "खरं हाय."

"उलट बरंच झालं की! वणवा येत नाही, शिकारी येत नाही, कुऱ्हाड येत नाही. जनावरं किती सुखात असतील."

"पिसोरी व्हती हितं. सशाएवढं हरीण. आता न्हाई."

"असं कसं? कुणी मारली?"

"कुणीबी न्हाई."

…

"धनेश पक्षी यायचा उंबरावर. त्योबी येत न्हाई. उंदीर तेवढं माजल्यात. पाखरांची अंडी खात्यात, झाडाचं बी खात्यात. नवं रोप कुठं दिसत न्हाई."

तेवढ्यात वर शेकरू ओरडलं. भली मोठी तांबूस खार ती. तिचा सगळा जन्म फांदीवरून फांदीवर जातो, जमिनीला ती सहसा पाय लावत नाही. पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकापर्यंत ती आली, समोरच्या डोंगराकडे तोंड करून ओरडली. थांबली. पुन्हा ओरडली.

पलीकडून काही उत्तर आलं नाही.

"एवढं एकच उरलंय," बुवा म्हणाले.

साहेबांना वाईट वाटलं. नाही असं नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि चूक पदरात घेणं वेगळं, आणि त्या दिवशी तरी त्यांची तयारी पहिल्यापुरतीच होती.

"पण बुवा, मी दिलेला शब्द पाळला. मी हात लावला नाही. माझा काय दोष?"

बुवा उठले. सावकाश काठापर्यंत गेले. मुळीला बांधलेली होडीची दोरी सोडली आणि पायाने होडी ढकलून दिली.

वारा होताच. होडी हां हां म्हणता लांब गेली.

"अहो बुवा! हे काय केलंत? मी जाणार कसा?"

"वरडतोस कशापायी? तुझ्या केसाला तरी धक्का लावला का मी?"



…

साहेब एका दगडावर बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्या खोऱ्यात… भिंतीची उंची जरा कमी केली, तर डोंगराची सोंड कोरडी राहते. राई मागच्या रानाला जोडलेली राहते. वीज तेवढी कमी निघेल. मला हे पहिल्यापासून ठाऊक आहे."

"मंग?"

"वरच्यांना सांगणार कोण? सगळं ठरल्यावर आता मीच नको म्हणालो, तर मला वेड्यात काढतील. आजवर कमावलेलं नाव जाईल." हे त्यांनी घरातसुद्धा कधी बोलून दाखवलं नव्हतं. "मी एकटा माणूस काय करणार, बुवा?"

बुवा पलीकडच्या काठाकडे बघत राहिले.

…

"पवायला येतं का रं तुला?"

"येतं. नदीकाठीच वाढलोय मी."

बुवा पुन्हा चुलीपाशी जाऊन बसले.

"मंग तुझं काय अडलंय?"