देवदाराचे अंथरूण

“…पण असे अंथरूण नसतेच का, महाराज, की जे एकदा घातले म्हणजे पुन्हा पाहावे लागू नये?”

मठाधिपती विश्वंभरबुवांनी पुढची वात हातात घेतली. ते ओसरीवर बसून वाती वळत होते.

विद्याधर राजोपाध्ये उभाच होता. बसायला सांगितले होते, तरी उभा होता.

औषधशास्त्राच्या महाविद्यालयातील अध्यापकी सोडून तो घाटमाथ्यावरच्या या मठात आला होता. येताना त्याने ग्रंथांची पेटी आणली, आणि एक मोठे लाकडी खोके. खोक्यात चार गिनीपिग होते. महाविद्यालयातले प्राणिगृह त्याच्याच देखरेखीखाली होते. पुढे प्राण्यांवरचे प्रयोग बंद झाले, प्राणिगृहाला कुलूप लागले, आणि हे चौघे उरले. बाकीच्यांचे काय झाले हे त्याला ठाऊक होते. उरलेल्यांना टाकून येणे त्याला जमले नाही.

त्याचे लक्ष मात्र कड्यातल्या खोलीकडे लागले होते.

मठाच्या मागे, कड्याच्या पोटात, एक खोली होती. आत शिरणाऱ्याने अनुष्ठान पुरे होईतो बोलायचे नाही, बाहेर यायचे नाही. झरोक्यातून येईल तेवढेच खायचे. त्या खोलीसाठीच तो नोकरी सोडून आला होता. बुवांची अट एकच होती. आत जाणाऱ्याच्या मागे त्याची वाट पाहणारा जीव असता कामा नये.

आणि हे चौघे तर दिवसभर त्याचीच वाट पाहत. त्याचे पाऊल ओळखत, आणि उंच स्वरात शिट्ट्या घालत.

“प्रोफेसर,” स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गोदाक्का एकदा म्हणाल्या होत्या, “या मठात नाना तऱ्हेचे साधक पाहिले. शिट्टी घालणारे तुमचेच पहिले.”

विद्याधर हसला नव्हता.

“महाराज,” तो आता म्हणाला, “कोथिंबीर आणि गाजर गोदाक्का घालतील. पाणी त्या भरतील. प्रश्न फक्त अंथरुणाचा आहे. ते रोज साफ करावे लागते. त्यांच्यावर तो भार कसा टाकू? म्हणून विचारतो. ज्याला हातच लावावा लागणार नाही, असे काही…”

“महाविद्यालयात काय घालत होतास?”

“तळाला तारेची जाळी असे. खाली पत्र्याचा ट्रे. घाण आपोआप खाली पडे.”

“सोय चांगली होती.”

“होती, महाराज.”

“मग तीच कर.”

विद्याधर घुटमळला. “जाळीने त्यांच्या तळपायांना जखमा होत.”

“असे होय!” बुवा म्हणाले, आणि पुन्हा वातीकडे वळले.

तो आपल्या खोलीवर परतला. जपाला बसला, आणि उठला. पुन्हा बसला. भिंतीपलीकडे शिट्टी झाली, आणि माळ हातातच थांबली.

त्याने वाळू घालून पाहिली. ओली वाळू पायांना चिकटली, पोटाखालच्या केसांत गुंतली. तरट घातले; ते त्यांनी कुरतडले आणि एकाची नखे त्याच्या धाग्यांत अडकली. प्रत्येक वेळी त्याने नव्या उत्साहाने आरंभ केला आणि प्रत्येक वेळी चिडून सगळे उपसून टाकले. अंथरूण साफ करणे टाळण्याच्या खटाटोपात साऱ्या सकाळी वाया जात होत्या. हे त्याच्या ध्यानात येत होते, आणि त्यामुळे तो अधिकच चिडत होता.

त्या सुमारास मठात नवा रथ घडवला जात होता.

देवदाराचे ओंडके दुरून आले होते. सुतार रंधा मारीत, आणि रंध्याखालून पातळ, कुरळ्या ढलप्या निघत. त्यांचा सुवास सभामंडपापर्यंत येई. देवाच्या रथाच्या लाकडाचा कण पायदळी जाऊ द्यायचा नाही, अशी मठाची रीत होती. ढलप्या गोळा करून धुनीत घातल्या जात.

विद्याधर त्या ढिगासमोर उभा राहिला.

कोरड्या होत्या. मऊ होत्या. आणि सुवास… असला सुवास असताना दुर्गंधी येईलच कशी?

एक गोष्ट मात्र त्याला आठवली. सुवासिक लाकडातले तेल या प्राण्यांच्या श्वासाला बाधते. ही गोष्ट त्यानेच वर्षानुवर्षे वर्गात सांगितली होती. प्राणिगृहात देवदाराचा भुसा येऊ द्यायचा नाही, असा नियम त्यानेच घातला होता.

तो क्षणभर थांबला.

पण हे काही बाजारातले लाकूड नव्हते. हे देवाच्या रथाचे लाकूड होते. ज्यावर देव बसायचा, ते एखाद्या निष्पाप जिवाला अपाय करील? शंका घेणे हेच अश्रद्धेचे लक्षण नव्हे काय?

त्याने टोपली भरली.

“अहो, धुनीच्या त्या!” गोदाक्का दारातून ओरडल्या. “जनावरांच्या मुताखाली घालता की काय?”

“भूतमात्रांत देव आहे, आक्का.”

“आहे ना. पण तो मुततो हेही ठाऊक असू द्या.”

त्याने खोक्यात ढलप्यांचा जाड थर घातला. चौघे त्यात गळ्यापर्यंत बुडाले. त्यांतली सर्वांत लहान, पाठीवर पांढरा ठिपका असलेली कवडी, आत शिरून दिसेनाशी झाली.

खोलीभर सुवास दरवळला. विद्याधरला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटले.

तो बुवांकडे गेला. “महाराज, अंथरूण सापडले.”

“रोज पाहशील ना?”

“हो, महाराज.”

तो रोज पाहत होता. दारातून पाहत होता. नाकाला सुवास लागला की परत फिरत होता. जप होऊ लागला. शिट्ट्याही कमी झाल्या. अनुष्ठानापूर्वी आपोआप शांतता यावी, हा त्याला शुभशकुन वाटला. देवाने वाट मोकळी केली, असे तो मनाशी म्हणाला.

मग एके सकाळी त्याने बुवांना बोलावले.

“पाहा, महाराज. एकादशीपासून हात लावलेला नाही. आणि वास येतो का सांगा.”

बुवा उंबऱ्यात उभे राहिले. खोलीभर देवदाराचा सुवास होता.

“येत नाही,” ते म्हणाले.

“मग मी आत जाऊ?”

बुवा खोक्याजवळ गेले. काठी भिंतीला टेकवली. हातांवर भार देत गुडघे टेकले, मग कोपरे. आणि ते वृद्ध संन्यासी खोक्याच्या पुढच्या फळीवरून मान आत घालून पालथे पडले. गाल ढलप्यांवर टेकवला. नाक खाली.

“महाराज, हे काय…”

बुवा हलले नाहीत.

विद्याधर अस्वस्थ झाला. कोणी पाहील म्हणून त्याने दाराकडे नजर टाकली. बुवांच्या पाठीकडे पाहिले. पाठ एकदा थरथरली, आणि बुवा खोकले. पुन्हा खोकले. तरी त्यांनी मान वर केली नाही.

“ये,” ते तिथूनच म्हणाले.

“मी?”

“दुसरे कोण आहे?”

तो त्यांच्या शेजारी पालथा पडला. गाल टेकवला.

खाली वेगळेच जग होते.

वर जो सुवास होता तो इथे घशाला झोंबत होता. आणि त्याच्याखाली, ढलप्यांच्या तळातून, उग्र वाफ वर येत होती. कुजलेल्या मुताची वाफ. डोळ्यांत पाणी आले. त्याने तोंड फिरवले, तेव्हा कानाशी एक बारीक आवाज ऐकू आला. श्वास घेताना घरघर. श्वास सोडताना टिकटिक. मग थोडे थांबणे… आणि पुन्हा घरघर.

कवडी त्याच्या नाकासमोर होती. डोळ्यांच्या कडांवर पांढरी पापडी जमली होती. ती शिट्टी घालत नव्हती, कारण तिला घालता येत नव्हती.

ती शांतता आपण शुभशकुन मानली, हे त्याला त्याच क्षणी कळले.

तो धडपडत उठला. “महाराज, मला हे ठाऊक होते. मीच शिकवीत होतो. सगळे ठाऊक होते…”

बुवा सावकाश उठून बसले. दाढीत अडकलेली ढलपी त्यांनी काढली, आणि कपाळाला लावली. ती देवाच्या रथाची होती. मग म्हणाले,

“उभ्या माणसाला सुवासच येतो.”

विद्याधरने कवडीला उपरण्यात गुंडाळले आणि घाट उतरला. तालुक्याच्या पशुवैद्याने तिला तपासले, औषध दिले, आणि मान हलवली. “छोटा जीव आहे. तग धरला तर धरला. खाणे सुटू देऊ नका.”

“जगेल?”

“कोरडे ठेवा,” एवढेच तो म्हणाला.

घाट चढताना विद्याधर पुन्हा पुन्हा थांबून उपरण्याला कान लावीत होता. कड्यातली खोली वाटेत लागली. त्याने तिकडे पाहिले नाही.

खोके त्याने रिकामे केले. धुतले. उन्हात तापवले. ढलप्या पुरल्या, आणि देवाची क्षमा मागितली. मग तो रिकाम्या खोक्यापुढे बसून राहिला.

गोदाक्का कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. “आता काय घालणार? सोने?”

“सांगा ना, आक्का.”

“मला काय विचारता? तुम्ही प्रोफेसर.”

पण त्यांनी जुन्या लुगड्यांच्या घड्या आणून टाकल्या. विद्याधरने तळाला जुनी वर्तमानपत्रे घातली, त्यावर लुगड्याच्या घड्या, आणि सर्वांत वर स्वतःची घोंगडी कापून पसरली. लोकरीतून ओल खाली उतरे, लुगडे ती शोषून घेई, वरचे अंग कोरडे राही. एका कोपऱ्यात त्याने वाळलेले, धूळ झटकलेले गवत ठेवले. चौघे खायला आणि लपायला तिथेच जात. घाणही बहुतेक तिथेच होई. रोज सकाळी तो कोपरा उपसायचा. लेंड्या केरसुणीने लोटायच्या. घोंगडीवर तळहात दाबून पाहायचा. ओल लागली की बदलायची, भिजलेली धुऊन वाळत घालायची.

काम फार नव्हते. एवढेसेच होते. इतके दिवस आपण ज्याच्यापासून पळालो, ते इतके लहान होते, याची त्याला लाज वाटली.

कवडीला तो कापसाने पाणी पाजत होता. गाजराचा कीस बोटावर घेऊन तिच्या ओठांशी धरत होता. ती तोंड फिरवी. तो बोट तिथेच धरी. जपाची वेळ होई, टळे. बुवा दारावरून जात. आत डोकावत नसत.

एक दिवस तिने कीस चाटला.

मग खाल्ला.

आणि नंतर एका सकाळी विद्याधर केरसुणी घेऊन येत असताना आतून शिट्टी आली. चिरकी, अर्धवट, मध्येच तुटलेली. तो उंबऱ्यात खाली बसला आणि त्याने डोळे पुसले.

“साधकाला कंठ फुटला हो!” गोदाक्का चुलीजवळून ओरडल्या. “आता मला नीट दाखवा सगळे. तुमच्या माघारी कमी पडायला नको.”

त्याने दाखवले. त्या शिकल्या. त्याच्यापेक्षा भरभर करू लागल्या. चौघे आता गोदाक्कांच्या पावलांनाही शिट्टी घालू लागले.

त्यानंतर बुवा आले.

विद्याधर कोपरा उपसत होता. कवडी गवतात गाढ झोपली होती. त्याने तिला अलगद उचलून बाजूला ठेवले. ती कुरकुरली.

“झोपली होती ती,” बुवा म्हणाले. “का उठवलेस?”

“खाली ओल धरली आहे, महाराज. ओल्या गवताला ऊब येते. तिला बरे वाटते, म्हणून ती जागची हलत नाही. तिथेच राहू दिली तर पुन्हा छाती भरेल.”

बुवांनी मान डोलावली. खालीच, भिंतीला टेकून बसले.

“कड्यातली खोली झाडून ठेवली आहे. तुझ्या मागे आता वाट पाहणारे कोणी नाही. यांना गोदाक्का आहे. उद्या आत जा.”

विद्याधर केरसुणी खाली ठेवून त्यांच्यासमोर बसला. त्याच्या चेहऱ्यावर स्मित होते.

“महाराज, आता मला खोली नको.”

“नको?”

“जे शोधायला आलो ते इथेच सापडले. यांची सेवा करतो, यांच्याजवळ बसतो. तेच माझे अनुष्ठान. आत जाऊन आणखी काय मिळणार?”

बुवा त्याच्याकडे पाहत राहिले. 

बाहेर सुतार रथाला चाक बसवत होते. घाव पडत होते. प्रत्येक घावासरशी विद्याधरच्या पापण्या लवत होत्या.

“सुख वाटते?” बुवांनी विचारले.

“वाटते, महाराज.” त्याने फार लवकर उत्तर दिले. “मन कधी नव्हे इतके निवांत आहे. इथून हलूच नये, असे वाटते.”

बुवांनी उपसलेल्या ओल्या गवताकडे एकदा पाहिले आणि काठीवर भार देऊन ते उभे राहिले. त्याच्याजवळ आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“ऊठ, बाबा,” ते म्हणाले. “खालचे पाहू दे.”