तांब्याचं तसराळं आणि मावशीची काठवट

फार पूर्वी, थंडीत ओढेसुद्धा वाहायचे थांबत अशा उंच डोंगरावरच्या एका गावात एक तांबट राहत होता. हात कसबी, आणि नाक त्या हातांहून वर! घरात तो आणि त्याचा म्हातारा कुत्रा काजळ्या, बस्स.

काजळ्याच्या पाण्यासाठी त्याने तांब्याचं तसराळं घडवलं. ठोक्यावर ठोका देत अंगभर नक्षी उठवली. रोज पहाटे रात्रीचा बर्फ ठोकून काढायचा, तसराळं काठोकाठ भरायचं आणि कामाला बसायचं. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा! कुत्र्याचं नशीब बघा!" तांबट मिशीत हसायचा.

पौष लागला तसा काजळ्या उठून शेजारी जायला लागला. तिथे घोंगड्या विणणारी एक मावशी राहायची. तिच्या दारातल्या टवके उडालेल्या लाकडी काठवटीतलं पाणी तो लपालपा प्यायचा. ते पाहून तांबटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझं खातो आणि तिच्या दारात शेपूट हलवतो? बेइमान!" म्हणत त्याने काजळ्याला साखळीने बांधलं.

पहिल्या दिवशी काजळ्या भुंकला. दुसऱ्या दिवशी भाकरीही तशीच पडून राहिली, तो मान उचलेना. तांबट घाबरला आणि धावत शेजारी गेला.

"मावशी, बघ ना गं याला काय झालंय! वाचेल ना हा?"

मावशी आली. तिने आधी तसराळ्यावर बोटाने टकटक केलं.

"भांडं देखणं आहे रे बाबा. पाणी कुठाय?"

तांबट वाकला. आत काठोकाठ बर्फ, आणि बर्फावर नखांचे ओरखडे.

"पहाटेच तर भरलं होतं!"

"भरलंस खरं. पण नंतर वळून पाहिलंस का? तांबं गारठा लगेच धरतं. मी काठवट खताच्या उबदार ढिगात रोवून ठेवते, दिवसातून तीनदा कोमट पाणी ओतते. त्यात काही कसब नाही रे."

तांबटाला रडूच आलं. त्याने साखळी काढली आणि ओंजळीत कोमट पाणी धरलं. काजळ्या हळूहळू प्यायला. पाणी संपलं तरी तो धन्याचे तळवे चाटत राहिला.

पुढे तसराळं भिंतीवर टांगलं गेलं. दारातल्या नव्या काठवटीकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. तांबट मात्र दिवसातून तीनदा हातोडी खाली ठेवून उठायचा.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यासाठी केलं, त्याच्यापर्यंत ते पोचलं का, हे वळून पाहावं.