एका फळीचं दार

आमच्या मुरमाळ्यात कुठल्याही घराच्या दाराला दुसरी फळी नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. चौकट दोन फळ्यांची, फळी मात्र एक. परवा बांधलेल्या स्लॅबच्या घराचंही तसंच. चोरांची भीती आम्हालाही आहे. पण त्याहून मोठी भीती समोरच्या माळावरून येते.

हा माळ पूर्वी गवताचा होता म्हणे. मग पावसानं पाठ फिरवली. एक साल बाजरी बुडाली, तेव्हा भरपाईला लोकांनी माळाचा खालचा उतार नांगरला. पुढल्या साली त्याच्या वरचा. जितकं कमी पिकलं तितकं जास्त नांगरलं. बोरी-बाभळी चुलीत गेल्या आणि माती पिठासारखी मोकळी झाली.

त्या चैत्रात वारा सुटला आणि माळच उठून गावावर आला, असं सांगतात. भरदुपारी समोरचा माणूस दिसेना. सगळ्या गावाचं बियाणं रायाजी पाटलाच्या कणगीत होतं. वारा आत शिरला तर छप्पर उडेल, बियाणं जाईल, म्हणून पाटलानं दोन्ही फळ्या लावून अडसर घातला. त्याची सून ठकू रानात बांधलेलं खोंड सोडायला गेली होती. तिचा नवरा जनावरं घेऊन चाऱ्याच्या मुलखाला गेलेला.

थोड्या वेळानं दार वाजलं.

"मामंजी, मी हाय. दार उघडा."

सासू उठली. पाटलानं तिचा हात धरला. "आडसर काढू नगंस. बियाणं गेलं तर समदं गाव मरंल."

दार बराच वेळ वाजत होतं म्हणे. मग वाजायचं थांबलं. वारा मात्र थांबला नाही. आत बसलेल्यांनी काय ऐकलं असेल, त्याचा विचार मला अजून करवत नाही.

वारा पडल्यावर दार उघडेना. दाराला टेकून मातीचा ढीग साचला होता, आणि ढिगात ठकू होती.

मृगात थोडे शिंतोडे पडले. पाटलानं ते जपलेलं बियाणं वाटलं, लोकांनी पेरलं. पण माळावर माती उरलीच नव्हती, नुसता मुरूम. बियाणं जागच्या जागी करपलं. वाटताना सांडलेल्या दाण्यांतून बाजरी उगवली ती एकाच ठिकाणी, पाटलाच्या उंबऱ्यापुढं, ठकूच्या अंगाला माती अडली होती तिथं.

ते पाहून पाटील ओक्साबोक्शी रडला. त्यानं दाराची एक फळी उपसली, पाठीवर घेऊन माळावर नेली आणि उताराला आडवी रोवून मागं दगड लावले. दुसऱ्या दिवशी गाव आपापली फळी घेऊन निघालं. तुम्ही वर चढताना ओलांडलेले ते दगडी बांध त्याच जागी आहेत. आतल्या फळ्या कधीच कुजल्या. पण बांधांमागं माती धरली आहे, आणि गवतही. त्या गवताला आम्ही नांगर लावत नाही.

आजही नवं घर झालं की दाराची एक फळी आधी माळावर जाते. आजही चैत्रात वारा सुटला की घरातलं एक माणूस दाराच्या मोकळ्या अंगाला उभं राहतं आणि हात बाहेर धुळीत धरतं. कोण आहे, असं विचारायचं नाही. हाताला हात लागला तर आत ओढून घ्यायचा. वारा पडला की मूठ मिटून हात आत घ्यायचा. मुठीत माती असते. ती झटकायची नाही, सकाळी बांधावर नेऊन ठेवायची.